पाणीवालीची खाट

नर्सला भुताखेतांची भीती वाटत नाही, असा लोकांचा समज आहे. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच, "सिस्टर, इतकी मरणं बघितली तुम्ही, कधी काही दिसलं नाही का हो?" मी हसून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं आहे की नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी रोज सकाळी चहाबरोबर भुतंच गोळा करत होते, आणि तेही सरकारी वेळेत. कशी आणि कशासाठी, ते आज लिहून टाकते. आता निवृत्त झाले आहे, माझी बदली करून करून कुठे करणार!

बीड जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. मी तिथे इन्चार्ज सिस्टर म्हणून बदलून आले तेव्हा उन्हाळा चढत चालला होता. इन्चार्ज म्हणजे वॉर्डाची घरधनीण. औषध संपलं, चादर फाटली, बाळ रडलं, नातेवाईक भांडले, काहीही झालं तरी हाक तिलाच. हातात अधिकार बेताचा, बोलणी मात्र पोटभर.

पहिल्याच दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डातून फिरताना कोपऱ्यातली एक खाट रिकामी दिसली. बाकीच्या खाटा भरलेल्या, एका खाटेवर तर दोघी. आणि ही रिकामी खाट वॉर्डातली सगळ्यात गार. खिडकीत मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला, त्याचा झोत थेट या खाटेवर. कूलरवर लाल अक्षरांत आण्णांचं नाव, पदासकट. आण्णा म्हणजे त्या भागातले पुढारी. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी हा कूलर दवाखान्याला भेट दिला होता. खाटेखाली पाण्यानं भरलेला पितळी तांब्या होता.

"हा तांब्या इथे कुणी ठेवला?" मी विचारलं. "कुणाचा पाय लागून सांडेल."

वॉर्डातल्या मंदामावशी, पाली गावच्या, सफाईपासून बाळंतिणीची पाठ चोळण्यापर्यंत सगळं करणाऱ्या, फडकं हातात धरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. तिचा हाय."

"कुणाचा?"

"पाणीवालीचा."

हकीकत अशी होती. आदल्या उन्हाळ्यात या खाटेवर एक बाळंतीण गेली. चकलांब्याकडची, ऊसतोडीवरून परतलेली, माहेरी म्हणून इकडे आलेली. बाळ वाचलं, आई गेली. जाताना पाणी मागत होती म्हणे. तेव्हापासून त्या खाटेवर जी निजते तिच्या छातीवर ती येऊन बसते आणि पाणी मागते. खाटेखाली तांब्या भरून ठेवला तर पिऊन निघून जाते. वॉर्डात हे सगळ्यांना माहीत होतं आणि खाट शक्यतो रिकामी ठेवायची हा अलिखित नियम होता. गर्दी झाली आणि इलाजच उरला नाही तरच ती द्यायची.

मी चिडले. म्हटलं, सरकारी दवाखाना आहे, देऊळ नाही. पण तांब्या हलवायला हात पुढे होईना. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली. सकाळी काठोकाठ भरलेला तांब्या संध्याकाळी कोरडा असायचा. बीडचा उन्हाळा, त्यात कूलरचा झोत, पाणी उडून जात असेल, अशी मी मनाची समजूत घातली. त्याच झोतात शेजारच्या स्टुलावर ठेवलेलं भांडं मात्र भरलेलं असायचं. तिकडे मी बघायचं टाळलं.

मग गर्दी झाली आणि ती खाट मी एका बाळंतिणीला दिली. सकाळभर बाई ठणठणीत. बाळाला पाजलं, आईशी गप्पा मारल्या. भर दुपारी तिची हाक आली.

"सिस्टर, ह्या बाईला उठवा ना. मह्या छातीवर बसायलीय."

खाटेजवळ कुणीच नव्हतं. तिची आई खाली फरशीवर आडवी झाली होती.

"कुठली बाई?"

"ही काय. हिरव्या लुगड्याची. पाणी मागायलीय."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. बाईचा चेहरा लालसर झाला होता, डोकं फुटतंय म्हणत होती, ओकारी काढत होती. रक्तदाब पाहिला, बरा. रक्तस्राव पाहिला, जेवढा असायचा तेवढाच. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावतात, ते रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतं. त्यावर इतका सुरेख आकडा आला की माझा स्वतःचाही तितका आला नसता. यंत्र म्हणत होतं बाई उत्तम आहे, आणि बाई तर डोळ्यांदेखत खोल पाण्यात उतरत चालली होती. मी तिला दुसऱ्या खाटेवर हलवलं. संध्याकाळपर्यंत ती चहा मागू लागली. केसपेपरवर उन्हाचा त्रास आणि अशक्तपणा असं लिहिलं गेलं.

हिरव्या लुगड्याचंही मी उत्तर शोधलं. वॉर्डाबाहेर दोरीवर ऑपरेशनच्या हिरव्या चादरी वाळत असतात, वाऱ्यानं हलतात. शिवाय पाणीवालीची गोष्ट तिच्या कानावर आली असणार. झालं.

इथे जरा आमच्या धंद्याविषयी सांगायला हवं. बाहेरच्यांना वाटतं, दवाखान्यात काही चुकत असलं तर लगेच कुणीतरी सांगत असेल. कुणी सांगत नाही. मावशी सिस्टरला सांगत नाही, कारण सिस्टर म्हणते, तुम्ही तुमचं झाडू-पोछाचं बघा. सिस्टर डॉक्टरला सांगत नाही, डॉक्टर वरच्या साहेबाला सांगत नाही, कारण वरून पहिला प्रश्न येतो, "तेव्हा ड्यूटीवर कोण होतं?" म्हणजे ज्यानं सांगितलं त्याच्याच गळ्यात घंटा. दारात एक तक्रारपेटी टांगलेली होती. तिच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं आणि आत पालीनं संसार थाटला होता.

भुताचं मात्र सगळे सांगतात. भूत दिसलं यात कुणाचीच चूक नसते ना! हे माझ्या लक्षात आलं ते ज्योती सिस्टरमुळे. ज्योती नवीन, घाबरट, पण कामाला वाघीण. एकदा औषधाच्या कपाटापाशी ती थिजून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "सिस्टर, हितं मला चकवा लागतो. हात एका औषधाला घालावं तर दुसरंच हातात येतं. परवा पण तसंच झालतं." मी कपाट उघडून पाहिलं. बाळंतपणानंतर रक्त थांबवायचं इंजेक्शन आणि भलतंच दुसरं एक, दोन्हींच्या काचेच्या कुप्या रंगानं, उंचीनं जुळ्या बहिणींसारख्या, आणि एकाच खणात शेजारी शेजारी. चकवा कसला, कुणीही फसलं असतं. आम्ही कुप्या वेगवेगळ्या खणांत ठेवल्या, एका खणाला लाल पट्टी लावली. ज्योतीचा चकवा त्या दिवसापासून गेला.

"चूक झाली" असं मला ती जन्मात म्हणाली नसती. चकवा लागला असं सहज म्हणाली. मग मी सकाळच्या चहाला नवीन रीत पाडली. राउंड झाला की सगळ्यांनी बसायचं आणि मी विचारायचं, "कुणाला काय दिसलं?" सुरुवातीला हसू व्हायचं. मग एकेक बाहेर यायला लागलं. बाळाच्या ऊब देणाऱ्या पेटीत कुणीतरी कुजबुजतं, असं एकजण म्हणाली. पाहिलं तर तिची वायर सैल होती, ठिणगी उडत होती. जिन्यात कुणीतरी मागून ढकलतं, म्हणून मावशींची तक्रार. तिथली एक फरशी हलत होती. मला तर गंमतच वाटू लागली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही. वरिष्ठांना मी कळवत होते "दुरुस्ती". मूळ तक्रारदार कोण हे त्यांना कळलं असतं तर माझी रवानगी थेट मनोरुग्णालयात झाली असती.

फक्त पाणीवालीचा विषय चहाला कुणी काढत नव्हतं. मीही नाही. बाकीची भुतं उजेडात आणायला मी धीट होते, पण त्या तांब्याकडे पाहिलं की माझा धीर सुटायचा.

अशात आण्णांची सून बाळंत झाली. चौसाळ्याची मुलगी, प्रतीक्षा नाव, लाघवी पोर. गाठीभेटी घेणाऱ्यांची रीघ लागली. आण्णा स्वतः आले.

"सिस्टर, सूनबाईला गार जागा द्या. कूलर आपलाच हाय."

ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला माझ्याकडे भुताशिवाय कारण नव्हतं, आणि पुढाऱ्याच्या सुनेला भुताचं नाव सांगून खाट नाकारणारी सिस्टर आठवडाभरात गडचिरोलीला पोचलेली असते. प्रतीक्षा आणि तिचं बाळ त्या खाटेवर गेलं. मंदामावशी वाकल्या, तांब्या भरून खाटेखाली सरकवला आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी राउंड लांबला आणि चहाला दुपार झाली. कप हातात तसेच. शेवटी मीच म्हटलं, "बोला की आता. पाणीवाली कधी येते?"

"दुपारची," कुणीतरी म्हणालं.

"रोज?"

"रोज न्हाई," ज्योती म्हणाली. "लाईट गेली की येते. आन थंडीत एकदा पण आली न्हाई, सिस्टर. खाट तवा भरलेली होती तरी."

मावशी मान खाली घालून बशी पुसत होत्या. तेवढ्यात डॉक्टर मॅडम चहाला आल्या. तरुण, पुण्याला शिकलेल्या, भुताचा विषय निघाला की भुवया उंचावणाऱ्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. कप उचलला, परत ठेवला.

"मलाही दिसली होती," त्या म्हणाल्या.

ज्योतीनं त्यांच्याकडे स्टूल सरकवलं.

"मागच्या महिन्यात. ओपीडी संपवून थोडं टेकावं म्हणून त्या खाटेवर पडले, रिकामी होती. डोळा लागला. उठायला गेले तर अंग हलेना. पायथ्याशी बाई उभी. हिरवी साडी. मी कुणाला सांगितलं नाही. लोक काय म्हणाले असते, डॉक्टरलाच वेड लागलं!"

"लाईट होती का तेव्हा?" मी विचारलं.

"गेली होती. पण कूलर चालू होता, जनरेटरवर."

त्याच क्षणी वरचा पंखा थांबला. मागच्या अंगणात जनरेटर धाडधाड करत सुरू झाला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि धावलो.

वॉर्डात लख्ख दुपार होती. कूलर जोरात वाहत होता. प्रतीक्षाची सासू स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती, हातातला पंखा गळून पडला होता. प्रतीक्षा उताणी, डोळे अर्धे उघडे, पायथ्याकडे बघत कुणाशी तरी बोलत होती. "देते ना," ती म्हणत होती. "देते, थांब. पाणी देते." बाळ कुशीत होतं. मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली. ते रडलं नाही.

यंत्र मी लावलं नाही. त्या सुंदर आकड्यावर आता विश्वास उरला नव्हता. मी खाटेवरून वाकून थेट कूलरच्या तोंडाशी नाक नेलं. वाळ्याचा गार, ओला वास. दोन श्वास घेतले तेव्हा त्याच्या खालून दुसरा वास वर आला, डिझेलचा. डोळे चुरचुरले, कपाळात कळ गेली. मी कूलर बंद केला आणि ओरडले, "बाहेर! सगळ्यांना बाहेर काढा!"

ज्योतीनं बाळ उचललं. मावशींनी आणि मी प्रतीक्षाला चादरीसकट उचललं. डॉक्टर मॅडमनी सासूबाईंना ओढलं. बाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. बाळाच्या नाकाशी नळी धरून ज्योती त्याची पाठ चोळत होती आणि रडत होती. आम्हा कुणालाच दुसरं काही सुचत नव्हतं. त्या पोरानं एक बारीक, मांजरीच्या पिल्लाएवढा आवाज काढला, मग रागावून टाहो फोडला. मला माझ्या आयुष्यात कुठलंही गाणं इतकं गोड लागलेलं नाही.

तोवर आण्णा हजर. "कूलर बंद कावून केला? बाळंतिणीला उन्हात टाकायलाव का तुमी? कुणाच्या सांगण्यावरून?"

मी तोंड उघडणार तोच डॉक्टर मॅडम पुढे झाल्या. "माझ्या सांगण्यावरून. आण्णा, तुमच्या कूलरमधून विष येतंय."

"मह्या कूलरमधून?"

आम्ही त्यांना मागे नेलं. जनरेटर भिंतीला लागूनच होता. त्याचा धूर जाणारा पाइप एके काळी सरळ वर, छपरापर्यंत जात होता. कूलर खिडकीत बसेना म्हणून बसवणाऱ्यांनी आदल्या उन्हाळ्यात तो पाइप आडवा वाकवला होता. त्याचं तोंड बरोबर कूलरच्या पाठीकडे आलं होतं. लाईट गेली की जनरेटर धूर सोडायचा, आणि कूलर तो ओढून, वाळ्यातून गार करून, सुवासिक करून, त्या एका खाटेवर सोडायचा. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, या धुरातल्या वायूला वास नसतो, तो रक्तात ऑक्सिजनची जागा पटकावतो, आणि बोटावरच्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. डोकं दुखतं, छातीवर ओझं येतं, माणसाला नसलेलं दिसायला लागतं. कूलरच्या पाठीवर काजळी धरली होती. आण्णांनी बोट लावून पाहिलं.

"वर्स झालं ह्याला," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "मला कुणी सांगितलं कसं न्हाई?"

मंदामावशी म्हणाल्या, "तुमचं नाव लिवलंय की त्याच्यावर."

प्रतीक्षाला आणि बाळाला बीडला हलवलं, दोघंही सुखरूप घरी गेली. जनरेटर सरकारी कागद हलण्याआधी अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला गेला. आण्णांनी माणूस पाठवून कूलरवरचं नाव खरवडून काढायला लावलं. "नावापायी कुणी बोलत नसंल तर नाव नगं," म्हणाले. मी पुढाऱ्यांबद्दल पुष्कळ वाईट बोलते, पण हे लिहिलंच पाहिजे.

चहाची रीत मात्र कायम झाली. डॉक्टर मॅडम स्वतः येऊन बसू लागल्या आणि आधी आपलं सांगू लागल्या, आज कुठे गोंधळले, कुठे हात चुकणार होता. वरच्या माणसानं आधी सांगितलं की खालच्यांची जीभ सुटते. पुढे पुढे भुताचं नाव घेण्याची गरज उरली नाही. मावशीसुद्धा सरळ म्हणायच्या, "मॅडम, त्या सलाइनचा रंग मला बरा दिसत न्हाई." आणि सगळे उठून बघायला जायचे.

त्या खाटेवर नंतर कितीतरी बाळंतिणी निजल्या. पाणीवाली कुणाला दिसली नाही. तांब्या मात्र तिथेच होता, मावशी रोज भरायच्या. माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. मी म्हटलं, "मावशी, आता उचला तो. भूत कशाचं होतं ते कळलं ना!"

मावशी खाटेच्या कडेवर टेकल्या. त्यांना माझ्यासमोर बसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सुमन नाव होतं तिचं," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी मीच होते हितं. मला म्हणली, मावशी, ह्या गार वाऱ्यानं डोकं फुटायलंय, मला तिकडं हलवा. मी म्हणले, अगं आण्णांचा कूलर हाय, नशीब समज. लई येळा म्हणली. मंग म्हणली, पाणी तरी द्या. ते दिलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ती गेली. कागदावर काय लिवलं मला ठाव न्हाई. पण माह्या मनात बसलं की ही जागा खराब हाय. सांगू कुणाला? मावशीचं कोण ऐकतंय! म्हणून मीच उठवलं, की हितं पाणीवाली येते. म्हणलं, भुताला भिऊन तरी खाट रिकामी ऱ्हाईल."

म्हणजे त्या दवाखान्यातली पहिली तक्रार सुमननं केली होती, दुसरी मावशींनी, आणि ती आमच्यापर्यंत पोचायला मधे एक भूत लागलं होतं. सुमनचं म्हणणं कुणी ऐकलं असतं तर तिचं लेकरू आज आईच्या मागे मागे फिरत असतं. याचा मला आजही फार राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

"पण मावशी," मी तांब्याकडे बघत म्हटलं, "ते हिरवं लुगडं तेवढं सांगायला नको होतं. डॉक्टर मॅडमसुद्धा किती घाबरल्या."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"हिरवं लुगडं म्या कदी सांगितलंच न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "पाणी मागते एवढंच सांगितलतं."

"मग?"

"हिरवंच होतं," मावशी म्हणाल्या. "सुमनचं. माहेरून नेसून आलती."

बाहेर दोरीवर त्या दिवशी एकही चादर नव्हती. कूलरचा आवाज चालू होता, नुसता वाळ्याचा वास येत होता. निरोपाचे हार घेऊन लोक ऑफिसात थांबले होते, मला हाका येत होत्या. मी खाली वाकून तांब्या उचलला. सकाळीच भरलेला होता, तो रिकामा होता. मी नळावर गेले, तो काठोकाठ भरून आणला आणि होता तिथे ठेवला.